मास्तरांनी ऐकलेली कादंबरी

माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली ‘मास्तर’ म्हणायची. शिंपीकामात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि त्या बाई आहेत म्हणून वेगळा शब्द शोधायची तसदी कुणी घेतली नाही. त्यांनाही ते आवडायचं. गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा आणि ओठांत दोन टाचण्या. त्या टाचण्यांसकट बोलायच्या, तरी एक शब्द अडखळायचा नाही. गिऱ्हाइकाचं माप कधी वहीत लिहायच्या नाहीत. “माणूस समोर उभा राहिला की माप दिसतंच की,” म्हणायच्या. तीन वर्षांनी परत आलेल्या माणसालाही दारातूनच सांगायच्या, “दोन इंच वाढलात. बाही तीच राहील, पोटाशी सैल करते.” नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी त्यांना चांगलीच टरकून होते.

घर आमचं दुमजली, पण छोटं. खाली पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन आणि कापायचं लांब टेबल. मागच्या खोलीत सासऱ्यांचं पुस्तकबांधणीचं काम. मधलं दार कायम उघडं. इकडे खडूची भुकटी, तिकडे खळीचा वास. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. त्यांनी आयुष्यात हजारो पुस्तकं बांधली असतील, वाचलं मात्र एकही नाही. “वाचत बसलो तर बांधणार कोण?” हे त्यांचं उत्तर, आणि त्यांच्या मानाने ते भाषणच. बोलण्याच्या बाबतीत माणूस भलताच काटकसरी.

मी सार्वजनिक वाचनालयात कामाला आहे. फाटकी पुस्तकं पिशव्यांत भरून बाबांकडे बांधायला आणायचे, तशीच एकदा सून होऊन आले. नवरा दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या पाट्या रंगवतो. अक्षर असं की रस्त्यात थांबून बघावं.

आई, म्हणजे सासूबाई, त्रेपन्न वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक कोटाच्या ट्रायलला आले. उजवा हात घालायला गेले तर कोपराशी सगळं वळून बसलं. आईंनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. मुख्याध्यापक भला माणूस. हसून म्हणाले, “मास्तर, मी डावखुरा आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी?” आईही हसल्या. पण ते गेल्यावर त्या टेबलाची कड धरून बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि मी पाणी आणलं तर म्हणाल्या, “काही नाही. जा तू.”

मग मशीनच्या खणात एक वही दिसली, मापांची. ज्यांना कधी वही लागली नाही त्यांनी ती कापडाखाली लपवून ठेवली होती. मग टेप गळ्यात असताना घरभर टेप शोधणं सुरू झालं. “काखेत कळसा नि गावाला वळसा,” असं नवरा म्हणायचा आणि आम्ही सगळे हसायचो. आता आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते. शेवटी एका दुपारी दोऱ्यांचा दुकानदार त्यांना हाताला धरून घरी घेऊन आला. दुकान दोन गल्ल्या सोडून. तीस वर्षांचा जाण्यायेण्याचा रस्ता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “अर्धा तास काउंटरपाशी उभ्या होत्या. मला विचारलं, मी इथे काय घ्यायला आले? मी काय सांगणार?”

तपासण्या झाल्या, आणखी तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले, तर आईंना एकही सांगता आला नाही. त्या डॉक्टरांकडे निरखून बघत म्हणाल्या, “तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. शर्ट शिवणाऱ्याने बघितलेलं दिसत नाही.” डॉक्टरांनी खांदा चाचपला आणि म्हणाले, “नजर पक्की आहे तुमची.” मग आजाराचं नाव सांगितलं. अल्झायमर. बहुतेकांना म्हातारपणी होतो, काहींना मात्र असा लवकर गाठतो.

घरी आल्यावर बाबा खळ ढवळत राहिले. नवरा म्हणाला, “आईला काही झालेलं नाही. डॉक्टरांना काहीतरी नाव द्यावंच लागतं.” आणि शिडी खांद्यावर टाकून कामाला निघून गेला. आईंना काय वाटतं ते कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा.

वाचनालयात एक कादंबरी होती. एका रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करणारी बाई, वय एक्कावन्न, आणि तिला हाच आजार. गोष्ट तीच सांगते, स्वतःच्या तोंडाने, अगदी शेवटाजवळ येईपर्यंत. मी ती मागच्या खोलीत बसून दोन दिवसांत वाचली आणि ढसाढसा रडले. घरी न्यायची हिंमत झाली नाही, परत कपाटात ठेवून दिली. पण पुस्तक लोकांच्या हाती फिरून फिरून खिळखिळं झालेलं. महिन्याभराने पाठ सुटली, आणि आमच्या शिपायाने ते इतर फाटक्या पुस्तकांबरोबर पिशवीत भरलं. मी पिशवी न बघताच घरी आणली.

बाबा कुठलंही पुस्तक चार दिवसांच्या वर ठेवून घेत नाहीत. या वेळी बाकीची बांधून हातात आली, हे एक येईना. पंधरा दिवस झाले. विचारायला गेले तर बाबा स्टुलावर बसलेले, पुस्तकाचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, मांडीवर सुटे, आणि ओळीखाली बोट धरून ते ओठ हलवत वाचतायत. मला बघून दचकले. चोरी पकडल्यासारखे म्हणाले, “पानांचा क्रम बघत होतो.”

“बाबा, क्रम बघायला इतके दिवस?”

त्यांनी बोट त्याच ओळीवर ठेवलं. “कुणीतरी हिच्याबद्दल लिहिलंय,” ते म्हणाले.

मधलं दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत मशीन थांबलं. “माझ्याबद्दल? काय लिहिलंय? अहो, मोठ्याने वाचा की!”

मग बाबा उठले, सुटे फर्मे छातीशी धरून पुढच्या खोलीत गेले, कापायच्या टेबलावर जागा करून बसले, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.

त्यानंतर रोज दुपारी दोन ते तीन हा कार्यक्रम. मी जेवायच्या सुट्टीत घरी यायचे, पोळीचा घास हातात धरून ऐकायचे. बाबांचं वाचन म्हणजे खडबडीत रस्त्यावरची बैलगाडी. जोडाक्षर आलं की चाक अडकायचं. आई काज-बटणं करत ऐकायच्या. आणि गप्प बसून ऐकणाऱ्यांतल्या त्या नव्हेतच.

पहिल्या आठवड्यातच कादंबरीतली बाई आरशात बघून घाबरते, ही कोण म्हणून. आई म्हणाल्या, “हे नाही. हे माझं नाही होत.”

“मग तुझं काय होतं?” बाबांनी विचारलं.

तीस वर्षांच्या संसारात बाबांनी इतका थेट प्रश्न विचारल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. आईंनी सुई कापडात खोचली. “माझं जिन्याचं होतं. खाली उतरताना शेवटची पायरी आहे की संपली, ते पायाला कळत नाही. डोळ्याला दिसतं, पायाला कळत नाही. म्हणून मी कठडा धरते. तुम्हाला वाटतं गुडघे दुखतात.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी शेवटच्या पायरीवर पांढऱ्या कापडाची पट्टी खळीने चिकटवली.

असं पानापानावर चालायचं. इथे खरं, इथे खोटं. ती बाई गाड्यांची नावं विसरते, ते खरं. “पण शब्द हरवतो असं जे लिहिलंय ना, तसं नाही. शब्द येतो, दुसऱ्याचा सदरा घालून येतो. मला कात्री हवी असते आणि तोंडातून येतं चावी. मला कळतं ती चावी नाही. पण तोवर तुम्ही चावी शोधायला गेलेले असता.” यावर तिघंही हसलो, आणि मला वाटलं, घरात कितीतरी महिन्यांनी हसू फुटलंय, आणि ते त्यांच्यावर नाही, त्यांच्याबरोबर.

मग ते प्रकरण आलं. घोषणा करणारी बाई नवऱ्याबरोबर दुकानात जाते. दुकानदार तिच्या नवऱ्याला विचारतो, “यांना कुठला रंग दाखवू?” ती तिथेच उभी असते. बाबांनी वाचून संपवलं. आईंनी दोरा दाताने तोडला. मग म्हणाल्या, “हे अगदी खरं. हे लिहिणारीला बरोबर ठाऊक आहे.”

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तरी मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. दवाखान्यात डॉक्टर त्यांना विचारायचे आणि उत्तर मी द्यायचे. गिऱ्हाईक आलं की मी मधे पडून सांगायचे, “आई जरा दमल्यात, माझ्याशी बोला.” मी त्यांची काळजी घेतेय अशी माझी समजूत. मी म्हणाले, “आई, मी पण असंच करते.”

“करतेस,” त्या म्हणाल्या. “वाईट मनाने नाही करत. पण करतेस.”

“मग मी काय करू?”

“थांब जरा. उत्तर येत असतं माझं. उशीर होतो, एवढंच.”

माझ्या सासूबाईंनी मला शिवण शिकवलं, ताठ उभं राहायला शिकवलं, पण त्या दुपारी जे शिकवलं त्याचे उपकार मी कशाने फेडू? त्यानंतर मी थांबायला शिकले. मोजून बघितलं. कधी कधी दहा श्वास लागतात. पण उत्तर येतं.

नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका दुपारी तो ब्रश विसरला म्हणून अचानक घरी आला. बाबा वाचत होते, बाई स्टेशनवरच हरवते तो भाग. तो दारात उभा राहून दोन मिनिटं ऐकत होता. मग भडकला. “बंद करा हे! तिला घाबरवायचंय का? आजारी माणसापुढे हे असलं वाचतात?”

बाबांचं बोट ओळीवरच थिजलं. आई मात्र शांत होत्या. “अरे, दोन डाव्या बाह्या मी शिवल्या. लाज वाटायची तर मला वाटावी. तुला कशाची एवढी भीती?”

त्याने हातातला रंगाचा डबा खाली ठेवला, परत उचलला. मग एकदम लहान मुलासारखं विचारलं, “आई, तू मला विसरशील?”

मी तोंड उघडलं होतं. स्वतःला आवरलं. थांबले.

“विसरेनही,” आई म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू? पण ही बाई अजून पोराला विसरलेली नाही, आणि एकशे ऐंशी पानं झाली. बस खाली. पुढे काय होतं ते बघू.”

तो बसला. रंगाने माखलेल्या हातांनी तोंड झाकून बसला, पण बसला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता कुणी न बोलावता आला, आणि वाचायची पाळी मागून घेतली. बाबांना जरा वाईट वाटलं असावं, कारण म्हणाले, “शेवटची दोन प्रकरणं मात्र मी वाचणार.”

त्यामागचं कारण आम्हाला नंतर कळलं. बाबांनी शेवट आधीच वाचून ठेवला होता. शेवटी त्या बाईला घरापासून लांब एका संस्थेत नेऊन ठेवतात, आणि नवरा भेटायला येतो तेव्हा ती त्याला पुढची गाडी किती वाजता आहे ते सांगते, प्रवासी समजून. बाबांनी ठरवलं होतं हे वाचायचं नाही. म्हणून ती प्रकरणं आली त्या दिवशी फर्मा समोर धरून ते आपल्या मनाने सांगू लागले. बाई घरीच राहते. अंगणात खुर्ची असते. नवरा तिला गाड्यांचे आवाज ऐकवायला स्टेशनवर घेऊन जातो, आणि ती एकेक गाडी आवाजावरून ओळखते.

आईंनी पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अहो, दोन महिने अडखळत वाचताय. आज एकाही जोडाक्षराला अडकला नाहीत ते कसं?”

बाबांचे कान लाल झाले. नवरा आणि मी खाली बघून हसू दाबत होतो. आईही हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “गोष्ट छान रचलीत. मला नव्हतं ठाऊक तुम्हाला येतं. पण आता खरं वाचा.”

बाबांनी खरं वाचलं. जोडाक्षरांना अडखळत. संपल्यावर आई टेबलावरचं कापड हाताने सारखं करत होत्या. मग म्हणाल्या, “या बाईला एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. तुला काय हवं, म्हणून. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. अर्ध्या पुस्तकापर्यंत तिला सांगता येत होतं.”

“मग तू सांग,” नवरा म्हणाला. “मी लिहून घेतो.”

मला वाटतं, त्या पुस्तकाने आम्हाला जे दिलं त्यातलं सगळ्यात मोठं हेच. आईंनी सांगायला सुरुवात केली. कापायचं काम थांबवायचं, पण काज-बटणं हात चालतील तोवर करायची. गिऱ्हाइकांना खरं सांगायचं, आपणच, स्वतःच्या तोंडाने. कुठल्या डॉक्टरकडे जायचं, कुठल्या उपचारांना नको म्हणायचं. पुढे घरी झेपेना झालं तर संस्थेत ठेवायला हरकत नाही, “पण आधी मला नेऊन दाखवा, आणि भिंतीचा रंग बघून मगच हो म्हणा.” यातलं काही नवऱ्याने डॉक्टरांसाठी वेगळं लिहिलं, त्यावर आईंनी सही केली.

उरलेलं त्या म्हणाल्या, ‘पुस्तकात घाला’. “पुढच्या वाचणाऱ्याला कळू दे कुठे चुकलंय.” बाबांनी कोरा फर्मा घेतला, कादंबरीच्या शेवटी शिवला, आणि नवऱ्याने त्यावर आपल्या पाट्यांच्या अक्षरात आईंचं बोलणं उतरवलं. आरशाचं आणि जिन्याचं. सदऱ्याचं. सुरुवात अशी होती: “मी कपडे शिवते. मला हाच आजार आहे. या पुस्तकातली बाई खरी आहे, पण सगळी नाही. माझ्याकडे बघून बोला. मी अजून इथेच आहे.”

पुस्तक घेऊन मी वाचनालयात गेले. आमच्या ग्रंथपालबाई नियमाच्या पक्क्या. पेन्सिलची एक रेघ दिसली तरी वाचकाला उभं करतात. त्यांनी शेवटची पानं उघडली. “पुस्तकात लिहायला बंदी आहे, आणि तुम्ही तर सबंध फर्माच घातलात!” मग चष्मा वर करून वाचू लागल्या. वाचून झाल्यावर खणातून वाचनालयाचा शिक्का काढला आणि त्या सोळाही पानांवर एकेक करून उमटवला. “आता ही वाचनालयाची पानं झाली,” म्हणाल्या. “कुणी फाडली तर बघते.”

चार महिन्यांनी बसच्या कंडक्टरच्या गणवेशातला एक माणूस काउंटरवर आला. पुस्तक परत करायचं होतं, पण हातातून सोडेना. “ही मागची पानं कुणाची?” त्याने विचारलं. त्याची बायको एकोणपन्नास वर्षांची. आठ महिने ती कुणाशी बोलली नव्हती. त्याने ती पानं वाचून दाखवल्यावर म्हणाली, “या बाईला भेटायचंय मला.”

मी त्याला लगेच हो म्हणाले नाही. म्हटलं, “विचारून सांगते.” घरी येऊन आईंना विचारलं. उत्तराला वेळ लागला. मग म्हणाल्या, “येऊ दे की. पण तिच्या नवऱ्याला म्हणावं, जरा बाहेर फिरून ये. आम्हाला बोलू दे.”

तेव्हापासून ती दर गुरुवारी येते. दोघी पुढच्या खोलीत बसतात. सुरुवातीला खूप बोलायच्या. एकीचा शब्द चुकला की दुसरी दुरुस्त करायची, तोही चुकीचा, आणि मग दोघी इतक्या हसायच्या की बाबा मधल्या दारातून डोकावायचे.

या सगळ्याला आता पाच वर्षं झाली. आई अठ्ठावन्नच्या आहेत. मशीनवर झाकण आहे. माझं नाव त्यांना आठवत नाही, पण मी घरातली आहे हे पक्कं ठाऊक आहे. नवऱ्याला काही दिवस ओळखतात, काही दिवस ‘तो चांगला माणूस’ म्हणतात, आणि तो म्हणतो, “विसरायचं असेल तर असं तरी विसरावं.” वाईट दिवस येतात. त्या घाबरतात, रागावतात, मला ढकलतात. ते लपवून काय करायचं? पण कुठल्याही दिवशी आम्हाला अंदाजाने चाचपडावं लागत नाही, त्यांना काय आवडेल म्हणून. त्यांनीच सांगून ठेवलंय. अशी सोय किती घरांना मिळते? ती कादंबरी लिहिणारीला मी पत्र पाठवून हे कळवलं, आभार मानले, आणि आईंच्या आग्रहाखातर आरशाची चूकही कळवली. तिचं उत्तर आलं: मास्तरांचं म्हणणं मान्य आहे.

बाबांनी मागच्या वर्षी वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. बासष्टाव्या वर्षी. सध्या एक विनोदी पुस्तक चालू आहे, एका आळशी न्हाव्याचं. काल दुपारी मी घरी आले तर ते वाचता वाचता स्वतःच इतके हसत होते की वाक्य पुरं होईना. आईंना गोष्टीतलं काही कळलं असेल असं वाटत नाही. त्या बाबांच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांना एवढं हसताना बघून त्यांनाही हसू आवरत नव्हतं. माझी सुट्टी संपत आली होती. मी चपला काढल्या आणि आणखी पाच मिनिटं बसले.